मकबऱ्याच्या बागेतून पाणचक्कीच्या जात्याकडे

छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, येणारे बहुतेक जण वेरूळ-अजिंठ्यासाठी येतात आणि शहरासाठी एक संध्याकाळ राखून ठेवतात. त्या संध्याकाळी मकबरा घाईघाईत होतो आणि पाणचक्की जाता जाता. आम्ही हा क्रम उलटा केला आणि शहराची जुनी पाणीव्यवस्था पाहण्यासाठी सलग तीन दिवस दिले. दिवस ठरवताना एक गोष्ट सोयीची पडते: अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. बाहेरगावचे लोक हे दोन दिवस वाया गेले म्हणून हळहळतात, पण पाणचक्की बघायला तेच उत्तम. महिना मात्र नीट निवडा. पावसाळा सरल्यापासून जानेवारीपर्यंत विहिरी-झऱ्यांना पाणी असते. एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावर चालणारे यंत्र पाहायला जाण्यात अर्थ नाही.

पहिला दिवस: मकबरा आणि बागेतले पाणी

सकाळी लवकर बीबी का मकबरा गाठला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ साली वारली. तिच्या स्मरणार्थ तिचा मुलगा आझमशाह याने ही इमारत उभी केली असे मानतात. मुख्य दरवाज्यावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय ही दोन नावे आहेत. एक रचनाकार, दुसरा बांधकामाचा जाणकार. कारागिरांची नावे दगडावर टिकून राहणे आपल्याकडे दुर्मीळ, म्हणून आत शिरण्याआधी दोन मिनिटे तिथे थांबावे.

घुमटाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. आमचे लक्ष बागेकडे होते. आवार दक्षिणोत्तर ४५८ मीटर आणि पूर्व-पश्चिम २७५ मीटर आहे. एवढ्या लांबीत मधोमध कारंज्यांची रांग आहे. दख्खनच्या कोरड्या पठारावर, पंप नसलेल्या काळात, कारंजे उडवायचे तर एकच उपाय होता: पाणी कुठेतरी उंचावर साठवायचे, बंद नळातून खाली आणायचे आणि बारीक तोटीतून सोडायचे. कारंजे तोटीपासून एक मीटर उडवायचे असेल तर साठ्याची पातळी तोटीच्या निदान सव्वा-दीड मीटर वर हवी. वरचा पाव-अर्धा मीटर नळातल्या घर्षणात जातो. शंभर मीटरच्या रांगेत शेवटचे कारंजे पहिल्यापेक्षा बुटके दिसले, तर दोष तोटीचा नसून नळाच्या व्यासाचा असतो. नळ अरुंद असला की पुढे जाणाऱ्या पाण्याचा जोर वाटेतच संपतो.

मुघल बागेत फिरताना एक सवय लावून घ्यावी. झाडे आणि फुले नंतर बघावीत, आधी पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते शोधावे. कारंज्यांपासून मागे मागे गेले की हौद सापडतो, हौदामागे भिंत, भिंतीमागे मनोरा आणि त्याच्याही मागे गावाबाहेरचा झरा. या शहरात तो माग अजून निघतो, हे इथले खरे वैभव.

संध्याकाळी जुन्या शहरातून दरवाजे बघत फिरलो. नान-खलिया ही इथली खासियत. भट्टीतून काढलेली मोठी, पिवळसर नान आणि सोबत मटणाचा रस्सा. पूर्वी इथल्या सैन्याला आणि फकिरांना रोज इतके पीठ लागत असेल तर ते दळत कोण होते, हा प्रश्न जेवताना पडतो. त्याचे एक उत्तर दुसऱ्या दिवशी मिळाले.

दुसरा दिवस: हिमायत बाग आणि पाणचक्की

सकाळचा पहिला तास हिमायत बागेत गेला. दिल्ली दरवाज्याजवळची ही जुनी बाग आता कृषी विद्यापीठाच्या फळ संशोधन केंद्राकडे आहे. आंब्याची मोठी झाडे, पक्षी, सकाळी फिरायला येणारी माणसे असे सगळे आहे. रोपे घ्यायची असतील तर पावसाळ्याच्या सुरुवातीला यावे.

तिथून पाणचक्की. महमूद दरवाज्याजवळ, खाम नदीच्या काठाला लागून हे आवार आहे. मकबऱ्यापासून दीड-दोन किलोमीटर, रिक्षाने पाच-सात मिनिटांचा रस्ता. पलीकडे नागसेनवन, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभारलेले मिलिंद महाविद्यालय तिथेच आहे. हा सारा परिसर एका सकाळी पायी होतो.

आत शिरल्यावर समोर दिसते ती बाग: लांबट हौद, त्यात मासे, मधोमध कारंजी, काठावर जुना वड आणि एका उंच भिंतीवरून हौदात पडणारे पाणी. लोक धबधब्यापुढे फोटो काढतात, माशांकडे बघतात, दुकानांतून हिमरू शालीचे भाव विचारतात आणि परत फिरतात. ज्याच्यामुळे या जागेला नाव मिळाले ते जाते मात्र बाजूच्या एका साध्या खोलीत आहे. पाटी वाचली नाही तर तिथवर पाऊल वळतच नाही.

आधी इतिहास थोडक्यात. बुखाऱ्याजवळच्या गुजदवानहून आलेले नक्शबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर इथे स्थिरावले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश. शाह मुसाफिर १७१५ मध्ये निवर्तले. दर्ग्याभोवती पुढे मशीद, मदरसा, सराई असा पसारा वाढला. पाणचक्कीचे काम पहिल्या निजामाच्या पदरचा सरदार तुर्कताजखान याच्याकडे जाते. मशिदीपुढचा लांबट हौद आणि कारंजी नंतर जमील बेग खानाने जोडली. म्हणजे बागेसाठी पाणी आणले आणि उरलेल्या पाण्यावर गिरणी बसवली असा हा प्रकार नाही. यात्रेकरू, फकीर आणि सराईत उतरलेले लोक यांच्या भाकरीची सोय हेच मूळ काम होते, शोभा त्यावर आली. महाराष्ट्र वक्फ मंडळाचे कार्यालयही याच आवारात आहे.

आता यंत्र. पाणचक्की म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे नदीकाठी उभे फिरणारे मोठे लाकडी चाक येते. इथे तसे काही नाही. इथले पाते आडवे आहे, जमिनीला समांतर फिरणारे, आणि ते जात्याच्या खोलीच्या तळाखाली असते. हिमालयातल्या घराटांची, म्हणजे ओढ्यावर चालणाऱ्या छोट्या गिरण्यांची, जात हीच. वरून येणारे पाणी पात्यांवर आपटते, पाती उभ्या आसाला फिरवतात, तो आस खालच्या तळीच्या, म्हणजे जात्याच्या खालच्या दगडी चकतीच्या, मधल्या भोकातून वर येतो आणि वरच्या तळीला धरून फिरवतो. मधे दात्यांची चाके नाहीत, पट्टा नाही. पात्याचा एक फेरा म्हणजे तळीचा एक फेरा. बिघडण्याच्या जागा कमी, म्हणून अशी यंत्रे खेड्यापाड्यांत शतकानुशतके टिकली.

घरच्या जात्याशी ताडून पाहिले की फरक लगेच कळतो. घरच्या जात्यातही खालची तळी स्थिर आणि वरची फिरती. पण तिथे वरची तळी खुंट्याला धरून वरूनच फिरवतात, मधली खुंटी फक्त तिला जागेवर ठेवते. पाणचक्कीत जोर खालून येतो. आसाच्या टोकाला लोखंडी पट्टी असते. ती वरच्या तळीच्या पोटात कोरलेल्या खाचेत बसते. तळीचे सगळे वजन त्या पट्टीवर तोललेले, म्हणून आस वर-खाली केला की दोन तळ्यांमधले अंतर बदलते. भरड हवी तर आस किंचित उचलायचा, बारीक पीठ हवे तर टेकवायचा. हे अंतर मधे दाण्याएवढे असते आणि कडेला कागदाएवढे बारीक होत जाते. दाणा भोकातून आत पडतो, मधे भरडला जातो, बाहेर सरकत जाईल तसा पिठात उतरतो आणि कडेने बाहेर पडतो. हे सरकणे दोन गोष्टींमुळे होते: फिरण्याने मिळणारा बाहेरचा रेटा आणि तळीवर टाकीने, म्हणजे दगड टोचायच्या छिन्नीने, काढलेल्या रेघांची दिशा.

पाण्याच्या जोराचा हिशेब सोपा आहे. इथे पाणी साधारण २० फुटांवरून, म्हणजे सहा मीटरवरून पडते. सहा मीटर पडलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे पावणेअकरा मीटर होतो. पात्याचा वेग पाण्याच्या वेगाच्या साधारण निम्मा असला की काम सर्वांत जास्त मिळते. म्हणजे पात्याची कड सेकंदाला पाचेक मीटर चालायला हवी. चाकाचा व्यास एक मीटर धरला तर मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे होतात. दगडी तळीला हा वेग मानवतो. याहून जास्त वेग झाला की पीठ तापते आणि तापलेले पीठ लवकर खराब होते.

आता पाण्याचे प्रमाण. हिशेबासाठी सेकंदाला २० लिटर धरू. सहा मीटर उंचीवरच्या एवढ्या पाण्यात जवळजवळ १,२०० वॅटचा जोर असतो. आडव्या पात्याला त्यातला एक तृतीयांश पकडता आला तर ४०० वॅट, म्हणजे अर्ध्या अश्वशक्तीहून थोडे जास्त. एवढ्यात तासाला पाच ते सात किलो गहू दळला जातो. पेठेतल्या गिरणीपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण पाणी रात्रीही वाहते. चोवीस तास चालू ठेवले तर १२० ते १६८ किलो पीठ. माणशी अर्धा किलो धरले तरी अडीचशे-तीनशे माणसांची रोजची भाकर, तीही एकाही माणसाला खुंटा ओढायला न लावता. आम्हाला पाणचक्कीचे मोल खरे कळले ते या हिशेबात. तिची ताकद मोठी नाही, पण ती थांबत नाही. पाणी निम्मे झाले की पीठही निम्म्यावर येते, हे याच हिशेबाचे दुसरे टोक.

खोलीत काय बघावे ते सांगतो. आधी तळीची कड बघा. सारखी झिजली असेल तर आस उभा सरळ आहे. एका बाजूला जास्त झिज म्हणजे आस कलला आहे, आणि आस कलण्याचे नेहमीचे कारण त्याच्या खालच्या टोकाची बैठक. सगळे वजन त्या टोकावर फिरते. ते पाण्याखाली असते, त्यात वाळू शिरते आणि बैठक लंबवर्तुळाकार झिजते. मग वरची तळी डोलू लागते, एका बाजूला दगडावर दगड घासतो आणि पिठात कचकच येते. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. धान्य आत असताना जात्याचा आवाज भरीव आणि एकसारखा असतो. वैरण, म्हणजे आत पडणारे धान्य, कमी पडली की तो कोरडा, खणखणीत होतो. रिकामे जाते फिरवू नये ते याच कारणाने: दाणा मधे नसला की तळ्या एकमेकींना खातात, टाकीच्या रेघा काही तासांत बोथट होतात. उलट वैरण जास्त झाली की तळी उचलली जाते, भरड बाहेर पडते आणि फेरे मंदावतात. धान्य दमट असेल तर तिसरेच होते: ओलसर पीठ रेघांत बसते, त्याचा थर चकचकीत होतो आणि जाते दळण्याऐवजी नुसते चोळत राहते. पावसाळ्यात दळणाचे धान्य उन्हात घालून मग न्यायची आपली रीत त्यासाठीच.

टाकी लावणे हे या यंत्राचे खरे कौशल्याचे काम. आपल्याकडे पूर्वी जात्याला, पाट्याला टाकी लावणारे दारावर येत. कृती अशी. वरची तळी पहारीने उचलून उलटी करायची, दोन्ही तोंडे कोरड्या ब्रशने साफ करायची. सरळ लाकडी पट्टीला गेरू लावून ती तळीवर फिरवायची. जिथे गेरू लागला तो उंचवटा. आधी उंचवटे ठोकून तळी एका पातळीत आणायची आणि मगच मधून कडेकडे जाणाऱ्या रेघा पाडायच्या. रेघ मधे खोल, कडेला उथळ. ती थेट कडेबाहेर खोल गेली तर दाणा न भरडता निसटतो. टाकीचे घाव हलके आणि एकमेकांच्या जवळ असावेत. जोराच्या घावाने दगडाचा पापुद्रा निघतो आणि तो खड्डा पुढे महिनोन्‌महिने अर्धवट दाणे गिळत राहतो. टाकी लावल्यावर पहिले शेर-दोन शेर हलके धान्य किंवा कोंडा दळून ते टाकून द्यायचे, त्यात दगडाची कच असते. हे पीठ जनावरालाही घालू नये. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, कठीण आणि बारीक पोताचा, म्हणून टाकी बरेच दिवस टिकते. पण दगड निवडताना आत पांढरे खडे किंवा पोकळ्या असलेला घेतला तर ते खडे सुटून पिठात येतात.

गहू आणि ज्वारीसाठी एकच अंतर ठेवून चालत नाही. ज्वारीचा दाणा ठिसूळ, पटकन फुटतो. भाकरीला पीठ बारीक लागते आणि ताजे लागते. तापलेले किंवा शिळे झालेले ज्वारीचे पीठ विरी जाते, मग भाकर थापताना कडा फाटतात. मराठवाड्यात चार-आठ दिवसांपुरतेच दळण आणतात ते म्हणूनच. मंद फिरणाऱ्या तळीचे पीठ थंड राहते, हा पाणचक्कीचा मोठा गुण. दळताना पिठात हात घातला तर ते कोमट लागावे. चटका जाणवला तर वेग किंवा दाब जास्त आहे.

जात्याच्या खोलीतून बाहेर आल्यावर हौद नव्या नजरेने दिसतो. दळण झाले तरी पाण्याचे काम संपत नाही. या हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. दालन जाड खांबांवर उभे आहे. वर पाणी, खाली सावली, बाजूला नदीचा वारा, त्यामुळे भर उन्हाळ्यातही ते गार राहते. यात्रेकरूंना उतरायला याहून चांगली जागा कुठली? बांधणाऱ्याने काय पत्करले ते मात्र लक्षात घ्यावे. एक मीटर खोल पाण्याचे वजन दर चौरस मीटरला एक टन, शिवाय छताच्या दगड-चुन्याचे वजन वेगळे. हे वजन कमानींतून खांबांवर आणि खांबांतून पायात उतरते. आणि एवढ्या वजनाखाली गळती होऊ द्यायची नाही. अशा छताच्या पोटात कुठे पांढरे ओघळ दिसले तर ती चुन्याची धुप समजावी: पाणी झिरपताना चुना विरघळवून आणते आणि खाली हवेशी गाठ पडली की तो पांढरा थर बनून राहतो. असे ओघळ सिमेंटने लिंपणे हा सर्वांत वाईट उपाय. सिमेंट कडक, चुना लवचीक. उन्हाळ्या-पावसाळ्यात दोन्ही वेगवेगळे हलतात, मधे भेग पडते आणि पाणी दुसरीकडून वाट काढते. चुन्याला चुन्यानेच दुरुस्त करावे लागते. चुना मुरवायचा, वाळू घालून घाण्यात मळायचा, लावल्यावर दोन-तीन आठवडे ओला ठेवायचा. आपल्या अनेक किल्ल्यांवर दगडी चाक आणि गोल चर असलेले चुन्याचे घाणे पडलेले दिसतात ते याच मळणीचे.

हौदातले जास्तीचे पाणी शेवटी खाली खाम नदीत जाते. म्हणजे तेच पाणी दळते, कारंजे उडवते, वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, आणि बागेला पुरते, खालचे दालन गार ठेवते आणि मग नदीला मिळते. या ओळीतल्या प्रत्येक कामाची जागा उंचीने ठरली आहे. ज्या कामाला जोर लागतो ते सगळ्यांत वर, ज्याला नुसता ओलावा लागतो ते खाली.

एक व्यवहाराची गोष्ट. हा जिवंत दर्गा आहे, मशिदीत नमाज होते. शुक्रवारी दुपारी गर्दी असते, ती वेळ टाळावी. चपला काढायच्या जागी काढाव्यात. चाक पाहायचे असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावे. पाणी पुरेसे असेल आणि त्यांना वेळ असेल तर फिरते पाते दिसते.

तिसरा दिवस: नहरीच्या मागावर

पाणी एवढ्या उंचीवर आले कुठून, हे पाहिल्याशिवाय पाणचक्की पुरी होत नाही. उगम शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला. तिथे नदीच्या संगमाजवळच्या एका विहिरीपासून नहर, म्हणजे पाण्याचा बांधीव पाट, जमिनीखालून निघते. वाटेत जमिनीखाली बांध घालून झिरपणारे पाणी अडवले आणि नहरीत घेतले. पुढे मातीचे नळ. सकाळी रिक्षा ठरवून हर्सूल तलावापर्यंत जाऊन यावे. जटवाड्याच्या डोंगरांकडून खाम नदी इकडे येते. तलावाच्या काठावरून शहराच्या दिशेने पाहिले की जमीन सारखी खाली उतरत जाताना दिसते. नहर बांधणाऱ्यांचे सगळे भांडवल म्हणजे हा उतार.

शहरातल्या जमिनीखालच्या पाण्याची परंपरा याहून जुनी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. पुढच्या काही वर्षांत त्याने नहर-ए-अंबरी काढली. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच दशकातला, बिदरची कारेझ त्याही आधीची. तत्त्व सगळीकडे एकच: डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी पंपाने ओढायचे नाही, त्याच्या पातळीखालून बोगदा काढून ते आपोआप चालते करायचे. वर ठरावीक अंतरावर उसासे, म्हणजे बोगद्यापर्यंत उतरणारी उभी भोके. खोदताना माती काढायला, नंतर हवा खेळायला आणि गाळ उपसायला तेच उपयोगी.

पाणचक्कीपाशी हे पाणी भिंतीच्या माथ्यावर चढते ते पाहून लोक अचंबित होतात. त्यात जादू नाही. गवंडी लेव्हलची नळी घेऊन दोन टोकांना धरतात तेव्हा पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीला येते, तसेच. बंद नळ खोलगट भागात उतरला आणि पलीकडे वर चढला तरी पाणी सुरुवातीच्या पातळीच्या जवळ येऊन थांबते. ‘जवळ’ हा शब्द महत्त्वाचा. उघड्या नहरीला हजारी एक उतार दिला तर दर किलोमीटरला एक मीटर उंची खर्च होते. बंद नळात घर्षणापायी आणखी जाते. म्हणून नहरीचा मार्ग आखताना जितका कमी उतार चालेल तितकाच द्यायचा. फार कमी दिला तर गाळ बसतो, जास्त दिला तर भिंतीपाशी उंची उरत नाही आणि धबधबा हौदाच्या काठावरच विझतो. शिवाय नळ ज्या ठिकाणी सर्वांत खोल जातो तिथे दाब सर्वांत जास्त. दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब, हा नियम. मातीच्या नळाला हा दाब एकट्याला पेलत नाही, म्हणून भोवती दगड-चुन्याचा जाड वेढा घालावा लागतो.

अशा नहरीत काय बिघडते? पहिला शत्रू गाळ. दुसरा मुळे. वड-पिंपळाचे केसासारखे मूळ सांध्यातून आत शिरते, पाणी मिळाले की आतच जाळे धरते आणि काही वर्षांत नळाचे तोंड बंद करते. तिसरा हवा. नळ जिथे टेकाडावरून जातो तिथे हवेचा फुगा अडकतो आणि नळ धड असूनही पाणी थांबते. जुन्या शहरात दिसणारे बांधीव मनोरे, ज्यांना बंबे म्हणतात, त्यांचे एक काम ही हवा आणि जादा दाब मोकळा करण्याचे. ते निरुपयोगी जुने खांब समजून पाडले की पुढच्या वस्तीचे पाणी गेलेच. चौथा चुना: कठीण पाण्यातला क्षार आतून थर धरतो आणि व्यास वर्षागणिक घटतो. आणि आजचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे खोदकाम. घराचा पाया, केबल, गटार, बोअर यांपैकी काहीही नळात घुसले की पाणी तिथेच मुरते. त्यात गटाराचे पाणी मिसळले तर नहर वाहूनही उपयोग नाही.

दुरुस्तीचा क्रमही ठरलेला असायला हवा. गळती शोधताना टोकाकडून सुरुवात करू नये, उगमाकडून यावे. प्रत्येक उसाशापाशी पाण्याची पातळी आणि वाहण्याचा अंदाज नोंदवावा. उघड्या वाहत्या भागात साधी पद्धत म्हणजे मोजलेल्या दहा मीटरमध्ये एखादे पान सोडून वेळ घ्यायची, वेग गुणिले पाण्याची रुंदी-खोली, त्याचा पाऊणपट धरायचा. ज्या दोन उसाशांमध्ये आकडा एकदम घसरतो तिथेच खोदावे. उसाशात उतरण्याआधी झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्यावी. आत कुजका वायू साचलेला असतो, एकट्याने कधीच उतरू नये. गाळ काढताना लोखंडी सळई घुसवू नये, मातीचा नळ फुटतो. पोटरीएवढ्या जाड नळाला दोरीला बांधलेले गोणपाटाचे बोळे इकडून तिकडे ओढणे पुरते.

नहरीच्या मार्गावरून चालताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येते. पाणचक्कीच्या आवारात फरशी, दिवे, रंग यांवर कितीही खर्च केला तरी उगमापासूनचा नळ शाबूत नसेल तर चाक फिरणार नाही. जमिनीवर नहरीची खूण दाखवणारे दगड बसवायला हवेत, प्रत्येक उसाशाला क्रमांक आणि झाकण हवे, आणि बांधकामाचा परवाना देताना नकाशावर ती रेघ बघितली गेली पाहिजे. हे काम धबधब्याएवढे दिसत नाही, पण ते आधी व्हायला हवे.

वेळ एकच दिवस असेल तर क्रम असा ठेवावा: सकाळी हर्सूलकडे, उन्हे चढण्याआधी परत; मग हिमायत बाग, दुपारी पाणचक्कीच्या खालच्या गार दालनात विसावा आणि जात्याची खोली; संध्याकाळी मकबरा. मकबऱ्यामागे डोंगरात औरंगाबादची बौद्ध लेणी आहेत. तिथे जायचे तर आदला किंवा पुढचा दिवस ठेवावा. पायात चांगली चप्पल, पाण्याची बाटली आणि एक विजेरी सोबत असू द्या. जात्याच्या खोलीत तळीची कड आणि आसाची पट्टी नीट दिसायला उजेड कमी पडतो.